थोडंच राहिलंय

"अर्धवट असली तरी चालेल, आजच घेऊन जातो," गिऱ्हाईक म्हणालं. म्हाताऱ्याच्या हातातला पाना तिथंच थांबला. निवृत्तीनंतर गॅरेजातली ही जुनी मोटार जोडणं हाच त्याचा संसार झाला होता. जेवणाचं ताटसुद्धा तिथंच यायचं. सुनेनं नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "विकलीस तर तुझे बाबा दिवसभर माझ्या डोक्यावर बसतील." लेक बाहेर आला. "नाही विकायची. बाबांचा जीव अडकलाय तिच्यात." गिऱ्हाईक गेलं. म्हाताऱ्यानं बाहीनं डोळे पुसले. "मला वाटायचं, तुम्हाला माझी अडचणच होते. आता थोडंच राहिलंय. पण आवळलेले नट सकाळी सैल सापडतात. हातात जोर राहिला नाही बघ." "वय झालं, बाबा. जा, हात धुऊन या, ताट आणतो." म्हातारा शीळ घालत नळाकडे गेला. लेकानं पाना उचलला आणि सवयीप्रमाणे आज आवळलेले नट सैल केले.