कानसेन

कपांच्या कारखान्यात तिला सगळे कानसेन म्हणत, कारण लाकडी चमच्यानं कप वाजवून ती आवाजावरून तडा ओळखायची. आज तिच्या टेबलावर कप तपासणारा कॅमेरा बसला. “आता मला नारळ,” असं पुटपुटत तिनं चमचा पिशवीत टाकला. निघताना सवयीप्रमाणे कॅमेऱ्यानं पास केलेल्या एका कपाला टिचकी मारली. आवाज बद्द आला. “साहेब, हा आतून तडकलाय.” नव्या इंजिनियरनं तो कप मुठीत धरून पेनानं वाजवला, मग दुसरा वाजवला. “मावशी, मला दोन्ही बद्दच वाटतात!” तिला हसू आवरेना. “अहो, गळा आवळल्यावर कोण गाईल? मूठ सोडा, कप तळहातावर ठेवा.” आता दुसरा कप खणखणला, पहिला नाही. इंजिनियर चमकला. “कॅमेऱ्याला कानही बसवू या. त्याला शिकवाल?” तिनं पिशवीतून चमचा काढून त्याच्या हातात दिला. “आधी तुम्ही शिका.”