भिंतीखालची टाचणी

ताईने काचेचा वाडगा टेबलावर आणून ठेवला. "बघ बाई, तुझी भावंडं. तळघरात बटाट्याच्या पोत्याखाली पाणी साचलंय, त्यात झुरळं पोहतायत."

घरात सगळे धाकटीला किडेबाई म्हणत. डोंगरातल्या ओढ्यांत गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, दगड उलटेपालटे करायचे आणि दगडमाशीची कुठली जात कुठे राहते याचा नकाशा करायचा, हा तिचा धंदा. पोटासाठी माणसं काय वाट्टेल ते करतात, हे घरच्यांनी एव्हाना मान्य केलं होतं. ओढे जवळ पडतात म्हणून सध्या ती ताईकडेच मुक्कामाला होती.

ताई स्वयंपाकघरात गेली. किडेबाईने वाडग्यात डोकावलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. झुरळाला अशा लांब दोन शेपट्या नसतात. ही तर दगडमाशीची, पाण्यातच वाढणारी पिल्लं. एक चिमट्याने उचलून तिने भिंगाखाली धरलं. डोक्यावर पिवळा डाग, पायांच्या बेचक्यात कापसासारखे कल्ले. तिने पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा. आपलं काहीतरी चुकलेलं असू दे, असं तिला कामात पहिल्यांदाच वाटत होतं.

ही जात फक्त धरणाच्या वरच्या अंगाला सापडायची, तलावाच्या काठच्या बर्फगार दगडांखाली. भिंतीच्या खाली, गावाच्या बाजूला, तिने नदीचा दगड न् दगड पाहिला होता. एकही मिळालं नव्हतं. खोलीत टांगलेल्या नकाशावर तलावाभोवती निळ्या टाचण्यांची दाटी होती, आणि खाली, जिथे हे घर होतं, तिथे कोरा कागद होता.

ती स्वतः तळघरात जाऊन आली. वर आली तेव्हा भाऊजी जेवून हात पुसत खोलीत शिरत होते. धरणाच्या भिंतीची देखरेख त्यांच्याकडे असायची. भिंत ठणठणीत आहे, अशी दरवर्षीची सहीही त्यांचीच.

तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्याच बुटांतून आलं असणार."

"बूट मी वर तलावावरच धुऊन वाळवते. नाहीतर सगळा नकाशाच खोटा ठरेल."

"मग माशी उडून आली असेल. अंडी घातली असतील."

"हिला उडता येत नाही, भाऊजी. पंख नावापुरते."

"मग चालत आली. पाहुणे येतात, माशीने का येऊ नये?"

ती हसली नाही. तळघरातून आणलेली पिल्लं तिने पांढऱ्या ताटलीत ओतली. काही तिळाएवढी, काही तांदळाएवढी, आणि दोन चांगली बोटाच्या पेराएवढी.

"तलावाचं पाणी भिंतीखालून येतंय. त्यातूनच ही वाहत आलीत. आधी तिळाएवढीच येत असतील, कोणाला दिसलीही नसतील. आता हे एवढं आरपार येतंय. म्हणजे फट तेवढी मोठी झालीय."

तिने डबीतून निळी टाचणी काढली. रोज संध्याकाळी नकाशाचा फोटो तिच्या कार्यालयात जायचा, आणि भिंतीखाली टाचणी दिसली की तिचा अर्थ तिथे कोणाला समजावून सांगावा लागला नसता.

"लावू नकोस," ते म्हणाले.

"गाव खाली करायला हवं, भाऊजी. आत्ता. भोंगा वाजवा."

"वाजवीन ना. पण आधी भिंत नीट बघू दे मला. उगाच बोभाटा झाला तर त्या एवढ्याशा रस्त्यावर पळापळीतच माणसं मरतील. उद्यापर्यंत थांब. एवढाही विश्वास नाही का माझ्यावर?"

विश्वास होता. वडिलांच्या मागे तिचं शिक्षण याच माणसाने केलं होतं. शिवाय तिला किडे कळत होते आणि त्यांना भिंत. ज्याचं काम त्याने करावं, असं म्हणून तिने टाचणी डबीत टाकली. भाऊजी फोन करायला बाहेर गेले. तिला हायसं वाटलं, आणि असं हायसं वाटतंय याचीच भीती वाटली.

थोड्या वेळाने ताई दारात आली. अंगावर बाहेर जायची साडी, खांद्याला पिशवी.

"अगं, तू अजून तशीच? आईकडे निघालोय ना आपण."

"आईकडे? आज?"

"यांनी सांगितलं नाही तुला? मला तर सकाळीच म्हणाले, तळघरात ओल आलीय, पोरांना खोकला धरेल, पंधरा दिवस राहून या. मी तेव्हा तळघरात उतरलेही नव्हते."

किडेबाई उठून उभी राहिली. "आणि समोरच्या काकूंनाही जायला सांगितलंय?"

"त्यांच्याकडेही पाणी आलंय म्हणे. सकाळी बिचाऱ्या यांना विचारत होत्या. हे म्हणाले, काही काळजी करू नका, तळघरं म्हटली की पाझरायचीच." ताईने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "चल, आटप. पोरं कधीची गाडीत बसलीत. पुढची जागा यांनी तुझ्यासाठी मोकळी ठेवायला सांगितलीय."