एक वेचणी बाकी

सातव्या नाटकातही तेच वाक्य निघालं, तेव्हा अभिषेकने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. वाक्य जागच्या जागी होतं.

"थांबा महाराज, अजून एक वेचणी बाकी आहे."

"सलीलभाऊ, मशीन बरोबर हाय," अभिषेक म्हणाला. "नाटकंच बिघडले."

सॉफ्टवेअर त्यानेच बनवलेलं. नाटककाराने कुठलं वाक्य कोणत्या पोथीतून, कोणत्या बखरीतून उचललं, ते शोधून लाल रंगात दाखवायचं. सलीलने त्यात यवतमाळच्या ग्रंथालयातली शंभर वर्षांपूर्वीची सात संगीत नाटकं घातली होती. हस्तलिखितं वाळवीने केव्हाच वाचून संपवली होती. उरल्या होत्या टाइप केलेल्या प्रती. एक नाटक हस्तिनापुरात घडत होतं, एक विजयनगरात, एक तर थेट स्वर्गात. महाराज सगळीकडे वेगळे, पण वेचणी सगळ्यांचीच बाकी. आणि स्रोताच्या रकान्यात सातही वेळा 'सापडला नाही'.

सलील खूश झाला. २००६ साल होतं. अभ्यास करायला यवतमाळात इतकी माणसं उतरली होती की लॉजवर खोली मिळत नव्हती. सगळ्यांचा विषय कापूस. नाटकावर पीएच.डी. करणारा सलील एकटाच. सहा वर्षं तो कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवत होता. जूनमध्ये एक कायम जागा भरायची होती. तोवर पदवी हातात आली नाही, तर ती दुसऱ्याची.

"म्हणजे सातांच्याही मागे एक हरवलेलं मूळ नाटक आहे!" मार्गदर्शक मंजुषा मॅडम म्हणाल्या. "वेचणी म्हणजे आत्म्याची वेचणी. कळलं ना?"

"हो मॅडम. आणि ते वाक्य दरवेळी अंकाच्या शेवटी, पानाच्या अगदी तळाशी येतं."

"कवीला पानाचं भान होतं. लिहा."

सलीलने कवीच्या भानावर चाळीस पानं लिहिली.

प्रबंध टाइप करायला बेबीताईंकडे दिला. दुसरं कोण होतं? गेली पस्तीस वर्षं गावातले अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, ग्रंथालयातले वाळवी लागलेले जुने कागद, सगळं त्यांच्याच बोटांखालून गेलेलं. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण की दाबायची तर खिळा ठोकल्यासारखीच.

"सर, शेवटलं पान अर्धंच हाय," त्या म्हणाल्या. "'म्हणून असे म्हणता येईल की', अन् पुढं काहीच नाही. काय म्हणता येईन?"

"आठ दिवस तोच विचार करतोय, ताई. सुचत नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्हीच बघा काहीतरी. सोमवारी बाइंडिंगला गेलं पाहिजे." सलीलची बस लागली होती.

"पान अर्धं सोडत नसते, सर. नाहीतर घरातलं काम अर्धं राह्यते. माई माय कापूस वेचता वेचता सांगे."

"मग रेघा मारा."

"रेघा!" बेबीताईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "मी काय रांगोळीवाली हाय?"

काळ्या कापडात, सोनेरी अक्षरांत पाच प्रती बांधून आल्या. सलीलने एकही उघडली नाही. उघडलं की चुका दिसतात, हा त्याचा अनुभव होता.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेरगावचे परीक्षक कूलरसमोरची खुर्ची धरून बसले. तासभर त्यांनी प्रबंधाची साल काढली. आत्म्याची वेचणी त्यांना पटली नाही. पानाचं भान तर मुळीच नाही. मंजुषा मॅडम तीनदा पाणी प्यायल्या. सलीलला जूनमधली ती कायम जागा हळूहळू दुसऱ्याच्या बुडाखाली जाताना दिसू लागली.

"पण पदवी मी देणार आहे," परीक्षक अचानक म्हणाले. "ती केवळ या शेवटच्या पानासाठी. 'म्हणून असे म्हणता येईल की' म्हणत थेट तळापर्यंत समारोप केलात, आणि एकदाचं माणसासारखं मराठी लिहिलंत. अभिनंदन."

"शेवटच्या... पानासाठी?" सलील म्हणाला.

परीक्षकांनी पानाच्या अगदी तळाशी बोट ठेवलं आणि चवीने वाचलं:

"'म्हणून शोधणाऱ्याने घाई करू नये. थांबा महाराज, अजून एक वेचणी बाकी आहे.'"