नीलम्माचा चौथा रिपोर्ट

दुष्काळाच्या साली मुरुम गावाजवळच्या आमच्या दवाखान्यात तापकऱ्यांचं रक्त मी घ्यायचो आणि रजिस्टरही मीच ठेवायचो. रक्ताची काचपट्टी एसटीनं जिल्ह्याला तपासणीला कधी गेली, रिपोर्ट कधी आला, सगळं त्यात. तोवर निम्मे रोगी आपसूक बरे होत आणि डॉक्टर श्रेय घेत.

नीलम्माचा पहिला रिपोर्ट वीस दिवसांनी आला, दुसरा नऊ, तिसरा दोन.

"बाई, वर कुणी पाव्हणा हाय का तुमचा?" मी विचारलं.

"पाव्हणा कसला अण्णा, ताप हटंना," ती वैतागून म्हणाली.

मग एके दिवशी चौथा आला. चौथ्यांदा तिचं रक्त अजून घेतलंच नव्हतं. कागदावर तारीख मात्र त्याच दिवसाची, आणि खाली शेरा होता: नमुना मृत्यूनंतर घेतलेला.

मी कागद रजिस्टरात दडपला, तोच नीलम्मा दारात आली.

"आज रगत न्हाय घेत, बाई. घरी जावा."

"तीन कोस चालत आले. रगत दिल्याच्या तुमच्या चिठ्ठीबिगर मुकादम खडी फोडायला घेईना. खाऊ काय?"

मी नाहीच म्हणालो. तिनं ताटलीतली सुई उचलली आणि स्वतःच बोटात टोचली. रक्त आलं नाही. तिनं बोट दाबून पाहिलं.

"दुसरं बोट बघू का, अण्णा?" तिनं विचारलं.