गोळ्या बऱ्या की सुया

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल होईना, तसा उंद्रीचा गजेंद्र मोबाईलवर वाचून अर्धा डॉक्टर झाला. अंडी वाढवायला बायकोला गोळ्या बऱ्या की पोटात टोचायच्या सुया, यावर तो पानटपरीवरसुद्धा अक्कल पाजळायचा. गोळ्या झाल्या, सुया झाल्या. जयमालाचं पोट काळंनिळं पडलं, पण दिवस काही गेले नाहीत.

चिखलीच्या डॉक्टर मॅडम पुन्हा म्हणाल्या, "आता तरी तुमची तपासणी करून घ्या."

"माही कायची तपासनी? मर्द मानूस आहो मी. हिचा डोस वाढवा."

जयमाला नवऱ्याकडे वळली.

 

"मागच्या साली आपली गाय गाभण राहत नव्हती, तवा तुम्ही तिले सुया नाही टोचल्या. वळू बदलला."