भिंतीतला खळगा

"माती, खडू असलं काही खावंसं वाटतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कालिंदीच्या रक्ततपासणीत फेरिटिन अवघं चार निघालं होतं. अंगात साठलेलं लोह जवळजवळ संपलं होतं, आणि तिला सहावा महिना चालू होता. तिने मान खाली घालून नाही म्हटलं.

घरी येताच ती स्वयंपाकघरातल्या धान्याच्या कोठीमागे शिरली. सासूबाई घरात नसल्या की ती तिथल्या भिंतीची माती नखाने खरवडून खायची. आज तिने कोठी आणखी सरकवली आणि तिचा हात थबकला. तिने कधीच हात न लावलेल्या जागी भिंतीत खोल खळगा होता. त्यात बोटांचे जुने, गुळगुळीत झालेले ओरखडे होते. तिने आपली बोटं त्यांवर ठेवली. ती त्यांत नेमकी बसली.

"ते थोरलीचं," मागून सासूबाई म्हणाल्या. त्या कधी आल्या ते तिला कळलंच नव्हतं. "माझी पहिली सून. अशीच पांढरी पडत गेली. आम्हाला वाटलं, भिंतीतलं काहीतरी तिला ओढतंय. अंगारे लावले, भगत आणला. बाळंतपणात गेली. रक्त कुणी तपासलंच नाही."

खळग्यातून ओलसर वास आला. कालिंदीच्या तोंडाला पाणी सुटलं. बोटं भिंतीतून निघेनात.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "मीपण खाते."

सासूबाईंनी खाली बसून तिचा हात भिंतीतून सोडवला आणि मातीने भरलेली बोटं पदराने पुसली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई अजून असतील."