देवमनचं घेणं

"दवंडी देऊ नोका, गुरुजी," दुकानाच्या ओट्यावर बसलेली जाईबाई म्हणाली. "लोकं येतीन अन् मशीन घेऊन जातीन. मंग मी अन् पोरी खाऊ काय?"

धर्मपाल गुरुजींनाही ते नकोच होतं. पण देवमन टेलर मरताना मागचं सगळं मिटवायला मृत्युपत्रात त्यांचं नाव घालून गेला होता, आणि अमरावतीच्या वकिलानं बजावलं होतं : आधी ज्यांचं घेणं निघतं त्यांना कळवा, त्यांचं भागवा, मग उरेल ते त्याच्या बायकोला, जाईबाईला, द्या. शिलाई मशीन तोवर कुलपात. गुरुजी असे सरळ की शाळेचा खडूसुद्धा घरी नेत नसत. त्यांनी दवंडीवाल्या श्रावणकडून मजकूर तीनदा घोकून घेतला. "ज्याचं देवमनकडे घेणं असन, त्यानं रविवारी दुकानावर यावं."

बुधवारी, बाजाराच्या दिवशी, श्रावणनं अंजनगावभर डफडं बडवलं.

रविवारी पहिली आली भाजीवाली केशरबाई. डोक्यावरचं ज्वारीचं गाठोडं तिनं ओट्यावर टेकवलं. "दोन सालापासून चोळ्या शिवून देल्ल्या, पैसे कधी मांगतलेच नाई त्यानं."

मग कापडवाले खुशालराव दिसले, आणि जाईबाई उठून दुकानाच्या दारात आडवी उभी राहिली. खुशालरावांनी खिशातून पंधरा रुपये काढले. "पोरीच्या लग्नातली शिलाई राह्यली होती, वहिनी. तो गेला अन् माह्या मनाले लागून राह्यलं."

दुपारपर्यंत कोणी गूळ आणला, कोणी तूर. नत्थुजीनं तर शेळीच आणून बांधली.

"पण तुमचं देवमनकडे काही घेणं?" गुरुजी गोंधळून विचारत होते.

"आमचं कायचं घेणं?" नत्थुजी म्हणाला. "दवंडीत त आलं, ज्याच्याकडे देवमनचं घेणं असन त्यानं यावं म्हनून."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. श्रावणला बोलावलं.

"एकच त गोठ हाये न, गुरुजी!" श्रावण म्हणाला. "इकडून म्हना का तिकडून."

ओटा हसला. गुरुजींना मात्र हसू येईना. चूक ती चूक. बुधवारी दवंडी पुन्हा द्यावी लागणार, ती बरोबर द्यावी लागणार, आणि हे जाईबाईला सांगायचं कोणत्या तोंडानं? ते चष्मा पुसत राहिले.

जाईबाई शेळीपुढे पाला टाकत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हात झटकून ती उठली.

"सरावनभाऊ," ती म्हणाली, "बुधवारी बरोबर सांगजा. अन् जोरानं सांगजा. कोनाचं राहून गेलं नाई पाह्यजे."